माझी टेस्ट क्लिअर आहे

६ जानेवारी, सकाळी सव्वासात

नवीन वही. वर्षाचा पहिला आठवडा संपत आला तरी संकल्प अजून शिळा झालेला नाही.

लेक बाळंतपणासाठी पुढच्या महिन्यात माझ्याकडे येणार. म्हणजे पाच आठवडे हातात आहेत. तेवढ्यात लिव्हर हा विषय पूर्ण करायचा. चार वर्षांपूर्वी ह्यांना लिव्हरने नेलं, तेव्हा ते पोटात कुठल्या बाजूला असतं हेही मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हिपॅटायटिस बी, व्हायरस आहे, जुना आहे. मी मान हलवत राहिले. शिवणाच्या दुकानात न समजलेलं माप गिऱ्हाईक दोनदा सांगतं तेव्हा हलवते तशी.

वाचनालयातून जाड पुस्तक आणलं. चारशे बारा पानं. रोज बारा वाचायची. रोज सकाळी आरशात डोळे बघायचे, कारण पिवळेपणा आधी तिथे दिसतो. आणि स्वतःची रक्ततपासणी करून टाकायची, याच आठवड्यात. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीच होती: बायको आणि मुलगी, दोघींचं रक्त तपासा. त्याच आठवड्यात हे गेले आणि ते राहून गेलं. लेकीला सांगितलं, माझी टेस्ट क्लिअर आली, तुला गरज नाही. ती आधीच रडून अर्धी झाली होती. तिला आणखी सुया कशाला टोचायच्या?

डोळे: स्वच्छ.

९ जानेवारी

वीस पानं झाली. कावीळ एकच नसते. ए आणि ई पाण्यातून-अन्नातून येतात, माणसाला लोळवतात आणि बहुतेक वेळा निघून जातात. बी आणि सी रक्तातून येतात आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. लिव्हर दुखत नाही. बरंचसं खराब होईपर्यंत गुपचूप काम करत राहतं. ह्यांच्यासारखंच. अंगात ताप असताना चौदा गणवेश कापून ठेवले होते एकदा, आणि विचारलं तर म्हणाले, जरा ऊन लागलंय.

लॅबमध्ये गेले. बंद. बारापर्यंतच उघडी असते असं पाटीवर लिहिलंय. मी साडेबाराला पोचले. वेळ बदलायला हवी त्यांनी.

१३ जानेवारी, दुपारी

लेकीचा फोन. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर एकदम म्हणाली, आई, बाबांच्या वेळी तू तुझी टेस्ट केली होतीस ना? नक्की?

म्हटलं, हो तर. क्लिअर होती. डॉक्टर म्हणाले, इतकं स्वच्छ रक्त क्वचित बघायला मिळतं. नर्ससुद्धा हसली होती.

ती मग म्हणाली, बरं.

फोन ठेवल्यावर सुईत दोरा तीनदा चुकला. थंडी आहे. आता टेस्ट करून टाकली की जे बोलले ते खरं होईल. नुसता क्रम उलटा झाला, एवढंच.

डोळे: स्वच्छ. जीभ: गुलाबी.

१९ जानेवारी

ह्यांना हा व्हायरस कुठून आला, त्याचा छडा लागला आहे. म्हणजे मला पहिल्यापासून माहीतच होतं, आता पुस्तकात आधार मिळाला. पान एकशे तीन: वापरलेलं ब्लेड. कोपऱ्यावरचा सलूनवाला! ह्यांचा जिवलग मित्र. दर रविवारी दाढी, वर तासभर गप्पा. चार वर्षं मी त्याच्याशी बोललेली नाही. त्याचं दुकान आलं की पलीकडच्या फुटपाथवरून जाते. तो दर वेळी हात वर करतो. मी चपलेकडे बघते.

आता नुसतं न बोलणं पुरे नाही. संशयितांची यादी करायची आणि एकेकाला तपासायला लावायचं. सलूनवाला पहिला. नणंद दुसरी, कारण असल्या गोष्टी घराण्यात असू शकतात.

लॅबमध्ये जमलं नाही. चेन बदलायच्या सात पँट होत्या.

२४ जानेवारी

नणंद आली होती. विषय काढताच म्हणाली, वहिनी, दादा चोरून घेत असणार, लिव्हर काय उगाच जातं? मी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. थेंब न घेणाऱ्याचंही जातं, वाच. ह्या माणसाने खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवलं होतं. ती म्हणाली, तुम्ही वाचून वाचून एक दिवस पोहायलाही शिकाल, सतरंजीवर.

तरी तिला घेऊन लॅबमध्ये गेलेच. तिने रक्त दिलं. लॅबवाल्याने मला विचारलं, आजी, तुमचंही घ्यायचं का, आलाच आहात तर. म्हटलं, मी सोबत आले आहे. खोटं काहीच बोलले नाही.

२७ जानेवारी

नणंदेची टेस्ट निगेटिव्ह. मला फोन करून तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा गाऊन.

म्हणजे ह्यांच्या घरातून आलेला नाही. चांगलं झालं, सलूनवाल्याविरुद्धची केस पक्की होते.

पुस्तकाचं सातवं प्रकरण, 'आईकडून बाळाला'. हे गरोदर बायकांसाठी आहे. मी सत्तावन्न वर्षांची. वगळलं. एकदम एकवीस पानं पुढे गेले, त्यामुळे वेळापत्रकाच्याही पुढे आहे.

२ फेब्रुवारी

लिव्हर साफ करणारा कडू रस सुरू केला. समोरच्या बाईंनी सांगितला. रोज सकाळी एक पेला, एकवीस दिवस. रस चालू असताना रक्त तपासू नये, आकडे चुकतील. (हे पुस्तकात नाही, पण तर्काला धरून आहे.) म्हणजे टेस्ट आता तेवीस तारखेनंतर.

५ फेब्रुवारी

रस बंद. तीन दिवसांत अकरा वेळा. जास्त लिहीत नाही. लिव्हरचं माहीत नाही, बाकी सगळं साफ झालं. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की असल्या रसांनी लिव्हरला इजाच होऊ शकते. असली गोष्ट पहिल्या पानावर छापायला नको?

अशक्तपणा आहे. अशा स्थितीत रक्त देणं बरं नव्हे.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी

लेक आली. पोट छान दिसतंय. चेहरा उतरलाय, पण म्हणते प्रवासाचा शीण. जावई सोडायला आला होता. दंड धरून कळवळत होता. काय झालं विचारलं तर लेकीकडे बघून म्हणाला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय, आई. खिळा लागला होता. दाखव म्हटलं तर पाय मागे घेतला. आजकालच्या मुलांना भारी लाज.

तिच्यासाठी घर सज्ज आहे. तिचं ताट, वाटी, पेला वेगळे, लाल दोरा बांधून. गिऱ्हाइकांसाठी वापरायची मेजर टेप उकळली. ती आता दोन इंच कमी भरते. उद्या दुसरी आणायची.

ती लाल दोरा बघत म्हणाली, आई, ताट-वाटीतून नाही पसरत हा. तुझ्याच पुस्तकात आहे, पान ऐंशी. आल्या आल्या माझ्या पुस्तकात नाक खुपसलेलं दिसतंय.

११ फेब्रुवारी

लेकीने चार नेलकटर आणले. ज्याचं त्याचं. माझं निळं. दात घासायचे ब्रशही लांब लांब ठेवले. म्हटलं, हे काय थेर? म्हणाली, बाळ यायचंय, सवय लागू दे. शिवाय म्हणाली, सुई टोचली की बोट तोंडात घालायचं, आणि एकच सुई दोघांनी वापरायची, हे तुझं आणि बाबांचं मला लहानपणापासून आवडायचं नाही.

ते आमचं खरं आहे. हे कापत, मी शिवत असे. दोरा ओवलेली सुई ह्यांच्या शर्टाच्या खिशाला लावलेली असायची. मला हवी असली की तिथूनच काढून घ्यायची. बावीस वर्षं. टाचण्या तोंडात धरून आम्ही बोलायचो आणि दोघांनाही सगळं कळायचं.

मला झाला असता तर एवढ्या वर्षांत कळलं असतंच.

डोळे: स्वच्छ.

१८ फेब्रुवारी

लेक रोज जेवणानंतर एक गोळी घेते. व्हिटॅमिनची म्हणते. तिला अर्धा तास समजावलं की प्रत्येक गोळीचा भार शेवटी लिव्हरवर पडतो, लिव्हर म्हणजे शरीराचा स्वयंपाकी, भांडीवाला आणि रखवालदार एकाच अंगात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि गोळी घेतली.

आज सकाळी म्हणाली, आई, मी रक्त द्यायला जाणार आहे, तूही चल ना, दोघी मिळून देऊ. मला कळलं, पोरीला सुईची भीती वाटते. सोबत गेले. तिचा हात धरून बसले. तिचं झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझी झालेली आहे गं. ती म्हणाली, चार वर्षं झाली. म्हटलं, स्वच्छ रक्त एवढ्या लवकर नासत नाही.

लॅबवाला कापूस धरून उभा होता. त्याने तो परत बाटलीत टाकला.

१ मार्च

निश्चय पक्का. सोमवारी.

७ मार्च

सोमवारी गणवेशांची ऑर्डर आली. शाळेला काय सांगणार, माझं लिव्हर?

पण आता मन लागत नाही. लेक झोपलेली असताना तिच्या पायांकडे बघते, सूज आहे का. ह्यांच्या पायांना आधी सूज आली होती, मग पोटाला. पँटची कंबर तीनदा वाढवून दिली मी. तिसऱ्यांदा वाढवताना कपडा पुरला नाही तेव्हा मला कळलं. मी शिंपीण, मला आधी कळायला हवं होतं. माप माझ्याच हातात होतं.

१६ मार्च, दुपारी दोन

सलूनवाला दुकानात आला. चार वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, वहिनी, आत येऊ का, का फुटपाथवरूनच बोलू?

खिशातून घडी केलेला कागद काढला. म्हणाला, तुमच्या नणंदबाई दाढी करायच्या खुर्चीत बसून सगळं सांगून गेल्या. मी तपासून घेतलं. निगेटिव्ह. दुकानात काम करणाऱ्या दोघांचंही. आणि तुमच्या ह्यांच्यासाठी मी पहिल्या दिवसापासून नवीन ब्लेड काढत होतो, कारण ते वापरलेल्या ब्लेडने करू द्यायचेच नाहीत, तुम्हाला माहीतच आहे त्यांचा स्वभाव.

मला माहीत होतं. हे माझी कात्रीसुद्धा पुसून घ्यायचे.

तो म्हणाला, दर रविवारी ती खुर्ची तासभर रिकामी ठेवतो मी अजून. तुम्ही तिकडून जाता, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

त्याला पाणी दिलं.

१७ मार्च, सकाळी साडेपाच

सातवं प्रकरण वाचलं.

मोठेपणी हा व्हायरस आला तर बहुतेकांचं शरीर तो हाकलून देतं. कायमचा ठाण मांडतो तो मुख्यतः जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी आलेला. आईला असेल तर बाळंतपणात बाळाला मिळतो. बाळाला जन्मल्यावर बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं दिली तर बहुतेक वेळा वाचतं. उशीर झाला तर त्यांचा उपयोग कमी होत जातो.

नणंद नाही. सलूनवाला नाही. यादीत खाली एक जागा होती, ती मी रिकामी ठेवली होती.

जर मला असेल तर लेकीला असू शकेल. लेकीला असेल तर बाळाला. आणि ह्यांना कुठून आला असेल, ती बेरीज इथे लिहीत नाही.

डोळे बघितले नाहीत.

१९ मार्च

रक्त दिलं. लॅबवाल्याने फक्त कापूस घट्ट धरायला सांगितला. रिपोर्ट उद्या.

२० मार्च

रिपोर्ट आणायला वेळ झाला नाही.

२३ मार्च

लॅबमधून फोन. आजी, रिपोर्ट तयार आहे. म्हटलं, येते हो, काजं करायची आहेत.

लेक म्हणाली, कुणाचा फोन? म्हटलं, बटणवाल्याचा. त्याच्याकडे आता बारा रंगांत बटणं आली आहेत, शिंपल्याचीही आहेत, मोठा माल आलाय, गोदाम बदललंय त्याने. ती म्हणाली, बरं.

२९ मार्च

बाळंतपणाला अजून तीन आठवडे आहेत. रिपोर्ट आणायचा, वाईट निघाला तर डॉक्टरीणबाईंना शांतपणे सांगायचं, लेकीचं रक्त तपासायचं, इंजेक्शनं मागवून ठेवायची. सगळं नीट आखलेलं आहे. दोन एप्रिलला आणते.

२ एप्रिल

उद्या.

३ एप्रिल, दुपारी एक चाळीस, हॉस्पिटलच्या बाकावर

अक्षर वाईट येतंय. सकाळी अकराला लॅबमध्ये गेले. पाकीट हातात पडलं आणि फोन वाजला. जावई. (परवापासून रजा घेऊन आलाय.) आई, कळा सुरू झाल्या, आम्ही हॉस्पिटलला निघालो, तुम्ही तिथेच या. अडीच आठवडे आधी!

टॅक्सीत पाकीट उघडलं. रिअॅक्टिव्ह. म्हणजे आहे.

ड्रायव्हर म्हणाला, मावशी, बरं वाटत नाही का? म्हटलं, बारा तास आहेत. तो म्हणाला, हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. म्हटलं, मग जोरात घे.

लेक आत गेली होती. दाराबाहेर डॉक्टरीणबाईंना अडवलं. हात धरून ठेवला त्यांचा, सोडलाच नाही. सगळं एका दमात सांगितलं. की मी खोटं बोलले, चार वर्षं बोलले, माझी टेस्ट झालीच नव्हती, आज झाली, ही बघा, पोरीला असणार, तिला माहीत नाही, बाळाला दोन इंजेक्शनं लागतील, बारा तासांत, एक मिळायला अवघड असतं म्हणतात, मी आत्ता जाऊन आणते, चिठ्ठी द्या, कुठेही जाते.

त्या म्हणाल्या, आजी, हात सोडा आधी.

मग म्हणाल्या, ते इंजेक्शन आमच्या फ्रिजमध्ये पंधरा दिवसांपासून आहे. तुमच्या मुलीला ऑक्टोबरपासून माहीत आहे. व्हायरसचं प्रमाण जास्त होतं, म्हणून जानेवारीपासून ती रोज गोळी घेते आहे, आता खूप खाली आलंय. जावयांच्या लशी चालू आहेत. मुलीने सांगून ठेवलं होतं, आई स्वतःहून विचारेल तेव्हाच सांगा. तुम्ही बसा, पाणी प्या.

बसले आहे. पाणी प्यायले नाही.

३ एप्रिल, संध्याकाळी सहा

मुलगी झाली. तीन वाजून बारा मिनिटांनी. दोन्ही मांड्यांना एकेक इंजेक्शन, तीन वाजून पस्तीसला. मी घड्याळ धरून उभी होते. रडली आणि थांबली. तिच्या आजोबांसारखी नाही, तक्रार करते. बरं आहे.

लेकीजवळ बसले. म्हटलं, कधी सांगणार होतीस? ती म्हणाली, तू कधी सांगणार होतीस?

मग म्हणाली, तू खोटं बोललीस हे मला जानेवारीतच कळलं, आई. तू खरं दोन शब्दांत बोलतेस. खोटं असलं की त्यात डॉक्टर येतो, नर्स येते, नर्स हसते. बटणवाल्याने तर गोदामच बदललं.

म्हटलं, मग तोंडावर का नाही म्हणालीस? ती म्हणाली, म्हटलं असतं तर तू ह्याचं त्याला, त्याचं ह्याला लावत बसली असतीस. बाबांना कुणामुळे झालं ते. मला बाळ यायच्या आधी तुला त्यात बघायचं नव्हतं. मी तुला नुसतं लॅबपर्यंत न्यायला बघत होते. नेलंही. तू माझाच हात धरून बसलीस.

मी म्हटलं, ती बेरीज मी सतरा मार्चला केली.

तिने माझा हात घेतला. टोचलेल्या जागी कापूस तिलाच लावलेला होता, तरी मीच हुंदका दिला.

१२ एप्रिल

लिव्हरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, जावयासोबत. पोटावर गार यंत्र फिरवलं. लिव्हर अजून मऊ आहे म्हणाले, सध्या औषध नको, पण दर सहा महिन्यांनी तपासायचं, आयुष्यभर. एकही चुकवायची नाही, कारण ते स्वतः काही बोलणार नाही. म्हटलं, माहीत आहे, मी त्याच्यावरचं पुस्तक वाचलंय. त्यांनी विचारलं, मग इतकी वर्षं का नाही आलात? ह्याचं उत्तर चारशे बारा पानांत नव्हतं.

आईबद्दल विचारलं त्यांनी. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. पोट फुगलं होतं. घरात सगळे म्हणाले, हाय खाल्ली. रक्त कुणी तपासलं नव्हतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. आई जाऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली, आणि तिच्याबद्दल कुणीतरी काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी विचारलं, ह्यांना माझ्याकडून झालं का? ते म्हणाले, हे आता कुठल्याच तपासणीत कळणार नाही. तुमच्याकडून असेल, नसेल. त्यांनाही लहानपणीच कुठूनतरी झालेलं असू शकतं. मी मान हलवली. ह्या वेळी समजून.

परत येताना सलूनसमोरून आले, सरळ. त्याने हात वर केला. मीही केला. आज रविवार. खुर्ची रिकामी होती.

बाळाचं नक्की कळायला वर्षभर लागेल. लशीचे डोस पूर्ण व्हायचे, मग रक्त तपासायचं. तोवर काही म्हणता येत नाही. मी तारखा पाठ केल्या आहेत.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, तुझी पुढची तपासणी कधी? म्हटलं, ऑक्टोबरमध्ये, वहीत लिहिते. ती म्हणाली, वहीत नको, मी फोनमध्ये लिहिते, आणि त्या दिवशी मी स्वतः येऊन तुला घेऊन जाणार.

म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?

नाही, म्हणाली. आणि बाळाला माझ्या मांडीवर ठेवून आंघोळीला गेली.